इनियन म्हणजे लेक

माझ्याकडे चामड्याचा एक बटवा आहे, कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा. त्यावर छान वळणदार अक्षरांत ‘फिओना’ असं कोरून घेतलंय. सध्या त्यात घराच्या किल्ल्या असतात. ज्या कामासाठी तो करून घेतला ते काम १४५० सालचं आहे, आणि १४५० साली आयर्लंडमध्ये फिओना नावाची बाई सापडणं म्हणजे शिवाजी महाराजांच्या मावळ्यांत ‘आरव’ सापडण्यासारखं आहे.

आम्ही ॲथलोनला राहतो, आयर्लंडच्या अगदी मध्यात, शॅनन नदीच्या काठी. इथे इतिहास जगून दाखवणाऱ्यांचा एक गट आहे. उन्हाळ्यात महिन्यातून एखादा शनिवार-रविवार एखाद्या किल्ल्याच्या आवारात तंबू ठोकायचे आणि पंधराव्या शतकातलं गेलिक, म्हणजे मूळच्या आयरिश बोलणाऱ्या लोकांचं, घराणं उभं करायचं. पुरुष चिलखतं घालून घाम गाळतात. मी चुलीपाशी असते. मिरची नाही, टोमॅटो नाही, आणि आयर्लंड असूनही बटाटा नाही, कारण तो अजून अमेरिकेहून यायचा होता. ओट्सची भाकरी, लोणी, ताक, लीक घातलेलं मटण. साताऱ्याच्या बाईने बिनमिरचीचं मटण शिजवायचं, यातच माझं अर्धं तप झालं.

गटाचा एक नियम आहे. वर्षभराच्या आत प्रत्येकाने त्या काळात शोभेल असं नाव घ्यायचं आणि ते नावांच्या वहीत चढवायचं. ही वही एका निवृत्त शिक्षिकेकडे असते. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत आयरिश शिकवलंय. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, पण मी मनातल्या मनात त्यांना ‘बाई’च म्हणते, आणि इथेही तेच म्हणेन.

बटवा घेऊन मी मोठ्या ऐटीत बाईंकडे गेले. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, शिलाईचं कौतुक केलं आणि म्हणाल्या, “नाव स्कॉटलंडच्या एका कवीचं आहे. तुझ्या पट्ट्यापेक्षा तीनशे वर्षांनी लहान.” फिओना हे रूप पहिल्यांदा जेम्स मॅकफर्सनच्या १७६० च्या दशकातल्या काव्यात दिसतं असं मानतात. मग मी घरून आणलेली यादी काढली आणि बाई एकेक नाव पेन्सिलीने खोडत गेल्या. सीर्शा? तो शब्द म्हणजे ‘स्वातंत्र्य’; मुलीचं नाव म्हणून तो विसाव्या शतकातला. ॲशलिंग? तो स्वप्नाचा आणि स्वप्नकाव्याचा शब्द, माणसाला नंतर चिकटला. एरिन? देशाचं नाव. शॅनन? “ती बाहेर वाहतेय,” बाई म्हणाल्या. डिअर्ड्रा कथेतली नायिका खरी, पण खऱ्याखुऱ्या बायकांची नावं तशी असल्याचा पुरावा त्या काळात मिळत नाही. ग्रान्याही कथेतलीच, पण ती चालते, कारण सोळाव्या शतकात ग्रान्या नी वाल्या नावाची जितीजागती दर्यावर्दी बाई होऊन गेली, १५९३ साली थेट एलिझाबेथ राणीसमोर जाऊन उभी राहिली. म्हणजे कथेत नाव असणं हा दोष नाही. ते कुणा हाडामांसाच्या बाईला कधी लावलेलं दिसतं का, एवढाच प्रश्न.

मी विचारलं, “मग अर्थ बघून घेऊ का एखादं?” बाई हसल्या. आपण सगळे इथेच फसतो. बाळाच्या नावांची पुस्तकं चाळायची, अर्थ वाचायचा, हरखून जायचं. बाईंची पद्धत उलटी. आधी काळ, मग मुलूख, मग त्या काळच्या त्या मुलखातल्या नोंदींत सापडलेली नावं, आणि त्यातून जिभेला मानवेल ते. अर्थ सगळ्यात शेवटी, तोही करमणूक म्हणून.

नोंदी म्हणजे मुख्यतः बखरी. खरं तर बखरी म्हणणं बरोबर नाही, त्यांत बखरीचा फुलोरा नसतो. वर्ष लिहायचं आणि त्याखाली कोण मेलं, कोणी कोणाची गुरं पळवली, कुठला मठ जळला, हे कोरडेपणाने मांडायचं. त्यांना ॲनल्स म्हणतात. कॉनाक्ट आणि अल्स्टर हे आयर्लंडचे दोन प्रांत; कॉनाक्टची ॲनल्स १२२४ ते १५४४ पर्यंतची, अल्स्टरची त्याहून लांब पल्ल्याची. कॉर्कच्या विद्यापीठाने यातलं पुष्कळसं टंकून सगळ्यांसाठी फुकट खुलं ठेवलंय. मुलं झोपली की रात्री मी त्यात शोधत बसायचे. शोधायचा शब्द बाईंनी दिला होता: ‘इनियन’, म्हणजे लेक. बायकांची ओळख त्यानेच होते.

‘इनियन’ ढिगाने सापडल्या. नावं मात्र सापडेनात. नोंदींचा साचा असा, की अमक्या ओ डोनलची लेक, तमक्या मॅग्वायरची बायको, या साली वारली. संपलं. बापाचं नाव आहे, नवऱ्याचं आहे, काही वेळा पोरांचीही आहेत, पण जी मेली तिला हाक काय मारायचे ते नाही. तिसऱ्या रात्री मला आमच्या आप्पांची आठवण आली. आप्पा तलाठी होते. वारस नोंदवायला आलेले भाऊ बहिणींची नावं सांगायची ‘विसरायचे’, आणि आप्पा पेन खाली ठेवून म्हणायचे, “बहिणींची नावं सांगा, मग पुढं लिहितो.” कॉनाक्टच्या त्या लेखनिकांपुढे असं पेन खाली ठेवणारं कोणी नसावं.

तरी काही नावं हाती लागली. फिनूला. लासरीना, जिचा अर्थ सांगतात ‘द्राक्षारसाची ज्योत’. गोर्मला. साइव्ह. आणि मोर. मोर म्हणजे मोठी, थोर. मध्ययुगाच्या उत्तरार्धात आयर्लंडमध्ये बायकांचं हे फार म्हणजे फारच चालणारं नाव होतं, पुरावे मागाल तितके. उच्चारही सरळ, आपल्या मोरासारखाच. बाई खूश झाल्या, “हे घे, कोणी बोट ठेवणार नाही.” मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. आमचं आडनाव मोरे. तो तीन दिवस हसत होता. “मोर मोरे” असं एकदा म्हणायचा आणि पुन्हा सुरू. पोरांनी पिसारा काढून फ्रीजवर चिकटवला. मोर गेली.

राहिली साइव्ह. हे नाव मी आधी नुसतं वाचलं होतं, ऐकलं नव्हतं. रोमन लिपीत ते एस, ए, डी, एच, बी, एच असं लिहितात. मराठी माणसाने ‘डीएच’ बघितला की ध, ‘बीएच’ बघितला की भ, म्हणून मी बाईंसमोर मोठ्याने ‘सध्भ’ म्हणाले. बाईंनी डोळे मिटले. मग समजावलं, की आयरिशमधला एच हा आपल्यासारखा श्वास जोडणारा नाही, तो आधीचं अक्षर मऊ करणारा आहे. ब चा व होतो, म चा व होतो, क चा घशातला ख़ होतो, आणि ड तर इतका झिजतो की इथे स्वरातच विरघळून जातो. जुन्या हस्तलिखितांत हा एच नसायचाही, अक्षराच्या डोक्यावर एक ठिपका द्यायचे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत छापील आयरिशमध्येही तो ठिपका होता, इथल्या जुन्या पाट्यांवर अजून दिसतो. मी वहीत ‘ख’ लिहिला, खाली नुक्ता दिला आणि बाईंना दाखवला. “अगदी हेच!” त्या म्हणाल्या, “फक्त आमचा टोपीसारखा वर.” त्या दिवसापासून आमचं जमलं.

करमणूक म्हणून अर्थही पाहिला. साइव्हचं मूळ ‘गोड’ या अर्थाच्या शब्दात सांगतात, आणि तोच धागा मागे नेला की संस्कृतातल्या ‘स्वादु’पाशी पोचतो. बिनमिरचीचं मटण शिजवणाऱ्या बाईला हे नाव मिळावं, यात थट्टा आहे की शाबासकी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझी समजूत होती की काम संपलं. पुढे गावाचं नाव लावायचं, आपल्या सातारकर-कोल्हापूरकरांसारखं, ‘ॲथलोनची साइव्ह’. बाईंनी पेन्सिल उचलली. गेलिक लोक सहसा तसं करत नसत. आपली अर्धी आडनावं गावावरून येतात, यांची माणसावरून. मॅक म्हणजे मुलगा, ओ म्हणजे नातू किंवा वंशज. आणि बाईला मॅक लागत नाही, कारण ती कुणाचा मुलगा नसते. परदेशातले हौशी लोक इथे हमखास अडखळतात आणि बाईमाणसाला ‘मॅक’ लावून मोकळे होतात. बाईला इनियन, आणि त्यापुढे बाप. “तर,” बाईंनी विचारलं, “तुझा बाप कोण?”

मी अभावितपणे खरंच उत्तर दिलं. “मुरलीधर.” मग जीभ चावली. त्यांना खेळातला बाप विचारायचा होता. पण बाईंनी ते नाव दोनदा घोळवलं, मुरली, मुर, आणि कपाटातून एक वही काढली. “मुरखा,” त्या म्हणाल्या. “जुनं नाव आहे. समुद्रावरचा लढवय्या असं काहीसं. याच मुलखातला, ऑफलीचा सत्ताधीश मुरखा ओ कॉनर १४२१ साली वारला, म्हणजे काळही बसतो.”

काळ बसला, मुलूख बसला. बसला नाही तो माझा चेहरा. बाईंना कसं सांगायचं, की आमच्या भाषेत ‘मूर्खा’ ही हाक आहे आणि ती वडिलांना मारत नाहीत? आप्पांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. आईला फोनवर हे सांगायचं म्हणजे काय झालं असतं ते मला स्पष्ट ऐकू येत होतं. सांगितलं शेवटी. बाई मनापासून हसल्या, मग गंभीर झाल्या, आणि म्हणाल्या, “पण तुला तो तसा लागणारच नाही. तू व्याकरण विसरतेयस.”

आता व्याकरण. गटातल्या इतर लोकांना हा भाग छळतो. इंग्रजीत वाढलेल्या माणसाला कळत नाही, की ‘नीअलचा मुलगा’ म्हणताना नीअलचं ‘नेल’ का होतं, नाव ते नाव, त्याला हात का लावायचा. मला त्यात काहीच नवल वाटलं नाही. पाऊस, पावसाचा. देऊळ, देवळाचं. पाटील, पाटलाची. आपण दिवसभर नावांची मोडतोड करतो आणि तिला सामान्यरूप म्हणतो. मी बाईंना ‘मुरलीधर, मुरलीधराची’ करून दाखवलं तर त्यांनी ते वहीच्या समासात लिहून घेतलं, नवीन आलेल्यांना दाखवायला.

पण आपल्याकडे शब्दाचं शेपूट हलतं. यांच्याकडे डोकंही हलतं. इनियन ही बाई आहे, म्हणून तिच्यापाठी येणाऱ्या बापाचं पहिलं अक्षर मऊ पडतं. कॉर्मकचा मुलगा ‘मॅक कॉर्मक’ असा टणक राहतो, पण त्याच कॉर्मकच्या लेकीचं नाव घेताना क चा घशातला ख़ होतो. आणि मुरखाच्या म चा होतो व. साइव्ह इनियन वुरखा. मुलाने नाव लावलं असतं तर बाप मूर्ख ठरला असता, लेकीने लावलं म्हणून वाचला. हा नियम करणाऱ्याला साताऱ्यातल्या आमच्या घराची काही कल्पना असणं शक्य नाही, पण त्या रात्री मला ते मुद्दाम केल्यासारखं वाटलं.

मधे एक फाटा फुटला होता, तो सांगते. गटातल्या एकाने चांगल्या मनाने सुचवलं, की नावापुढे ‘डुव’ लाव, म्हणजे काळी. तो म्हणाला आणि लगेच लाल झाला. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की आयरिशमध्ये माणसाच्या नावापुढचा रंग हा सहसा केसांचा असतो. लाल केसांचा ‘रुआ’, पिवळ्या केसांचा ‘बुई’, काळ्या केसांचा ‘डुव’. कातडीचा सावळा रंग सांगायचा तर आयरिश लोक ‘गोर्म’ म्हणतात, म्हणजे निळा. नवव्या शतकात व्हायकिंगांनी आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरून माणसं धरून आयर्लंडात आणली, त्यांना एका जुन्या नोंदीत ‘निळे लोक’च म्हटलंय. सावळ्या विठ्ठलाच्या आणि निळ्या कृष्णाच्या देशातून आलेल्या मला ते परकं वाटेना. तरी मी टोपणनाव घेतलं नाही. लंगडा, चेचक्या, तिरळा, लाल हाताचा, ही यांची टोपणनावं बघा. ती माणूस स्वतः निवडत नाही, गाव देतं. गावाला वाटेल तेव्हा देईल.

यापेक्षा मला जास्त गुंतवलं ते एका बाईने. मार्ग्रेग तिचं नाव, टाइग ओ कॅरवलची लेक. नवरा ऑफलीचा सत्ताधीश कालवाख ओ कॉनर. वर सांगितलेल्या मुरखाचा मुलगा, म्हणजे माझ्या खेळातल्या बापाचा नामबंधू तिचा सासरा. हिने १४३३ साली, दुष्काळाच्या वर्षात, दोन मोठ्या मेजवान्या दिल्या आणि आयर्लंडभरचे कवी, गवई, विद्वान बोलावले. पहिल्या मेजवानीला आलेल्यांची नावं एका न्यायाधीशाने वहीत लिहून घेतली, २,७०० माणसं. ती वही आज हाती असती तर मला तीन आठवडे रात्री जागाव्या लागल्या नसत्या! पुढे १४४५ साली ती स्पेनमधल्या सान्तियागोच्या यात्रेला गेली, १४५१ साली वारली. आणि या सगळ्यात, एका राजघराण्यात आयुष्य काढूनही, नोंदींत ती शेवटपर्यंत ओ कॅरवलची लेकच आहे. गेलिक बाईचं नाव लग्नाने बदलत नसे. नवरा कोण ते वेगळं सांगायचे, नावात घुसडत नसत. तिच्या लेकीने, फिनूलाने, दोन लग्नं केली, दोन्ही बड्या घराण्यांत. ती मात्र कालवाखची लेकच राहिली.

माझ्या पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं आहे. त्याबद्दल तक्रार नाही, लग्नानंतर सगळ्यांचं होतं तसं झालं, मीच सही केली. फक्त बाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ‘साइव्ह इनियन वुरखा’ पेनाने लिहिताना लक्षात आलं, की आप्पांचं नाव माझ्या नावाला जोडून लिहायला मला चौदा वर्षं झाली.

नाव मंजूर होण्यात फारशी गंमत नाही. वहीत चार रकाने असतात: नाव, कुठल्या काळात सापडतं, बापाच्या नावाचा पुरावा, आणि व्याकरण कोणी तपासलं. शिवाय एक तोंडी परीक्षा, म्हणजे स्वतःचं नाव न अडखळता म्हणायचं. मी दोनदा नापास झाले. मला ‘वुरखा’तला ख घशातून काढता यायचा, पण ‘इनियन’वर मी जोर भलतीकडे द्यायचे. एक काळजी बाईंनी आवर्जून घ्यायला लावली. १६३२ ते १६३६ मध्ये मायकेल ओ क्लेरी आणि त्याच्या साथीदारांनी जी मोठी ॲनल्स जुळवली, त्यांतली वर्णरचना डोळे झाकून घ्यायची नाही. त्यांनी सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसांचीही नावं पुष्कळदा आपल्या काळच्या वळणाने लिहिली, ज्ञानदेवाला ‘ज्ञानेश्वरराव’ केल्यासारखी. माझ्या १४५० ला फारसा धोका नव्हता. पण आमच्या शेजारच्या गटातल्या, व्हायकिंग काळातल्या मुलीला तेच साइव्ह नाव हवं होतं, तर तिचं दोन एच गळालेलं, एस-ए-डी-बी असं लिहावं लागलं. बाराशेच्या आसपास भाषेने कूस बदलली, तिच्या अलीकडे एक रूप, पलीकडे दुसरं.

पहिला कार्यक्रम मे महिन्यात झाला. पाऊस, चिखल, धुराने डोळे चुरचुरत होते. सकाळी हजेरी घेतात, ती सगळी नव्या, म्हणजे जुन्या, नावांनी. “साइव्ह इनियन वुरखा!” मी ओट्स ढवळत होते. पुन्हा हाक आली. मी मनात म्हटलं, कोण ही बया, ओ का देत नाही? तिसऱ्यांदा बाईंनीच येऊन लाकडी पळीने माझ्या खांद्यावर टकटक केलं.

त्या रात्री तंबूतून आईला फोन लावला. कपडे, चूल, चिखल, सगळं सांगून झालं. मग नाव सांगितलं.

“साइ... काय? जीभ वळंना बाई. सईच म्हणते मी.”

“म्हण.”

“आणि पुढचं ते काय?”

“इनियन म्हणजे लेक. वुरखा म्हणजे... आप्पा. मुरलीधराची लेक असं समज.”

“आणि जावईबापूंचं नाव कुठं घातलंस?”

“त्यांचं नसतं गं यात.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, “पुन्हा एकदा म्हण बघू. सावकाश.”